पेल्यातली सोबत : मध्ययुगीन नगरकायद्यातील मद्य आणि जात

गेल्या वर्षी शहरातल्या एका चर्चासत्रात मध्ययुगीन नगरव्यवस्थेवरील बीजभाषण ऐकण्याचा योग आला. वक्ते विद्वान होते, अभ्यास दांडगा होता. त्यांचा मुद्दा असा की आपल्या जुन्या नगरांत मद्यपानावर कायद्याचा अंकुश होता, आणि म्हणून समाज नीतिमान होता. इंग्रजांनी दारूची दुकाने थाटली आणि समाज बिघडला. टाळ्या पडल्या. नंतर चहाच्या वेळी हे गृहस्थ माझ्याजवळ आले, खांद्यावर हात ठेवला आणि आपुलकीने म्हणाले, "तुमच्या समाजात हे प्रमाण फार आहे, नाही का हो सर?"

मी दारू पीत नाही. माझा बाप पीत होता. करमाडच्या बाजारात हमाली करायचा, संध्याकाळी जालना रस्त्यावरून घरी येताना पाय त्याचे राहत नसत. मी अकरावीत असताना तो गेला. त्याला अक्षर येत नव्हते, मी मराठीचा प्राध्यापक झालो. चहाचा कप हातात धरून मी त्या विद्वानांपुढे गप्प उभा राहिलो. बापाची लाज वाटून गप्प होतो की प्रश्नाचा राग येऊन, हे मला तेव्हा कळले नाही. म्हणून घरी आल्यावर जे कायदे त्यांनी नीतिमान म्हणून सांगितले होते, ते वाचायला घेतले.

कायदा हाही एक वाङ्मयप्रकार आहे, असे मला वाटते. त्याला नायक असतो, खलनायक असतो, आणि ज्यांचे नावच घ्यायचे नाही अशी पात्रेही असतात. आपण कथा-कादंबऱ्यांची समीक्षा करतो, पण ज्या ग्रंथांनी हजार वर्षे आपल्या माणसांचे जगणे लिहिले, त्यांना इतिहासाच्या विभागात ठेवून देतो. हे बरे नाही.

आरंभ आपल्या परिसरापासून करू. कल्याणी, म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण, ही चालुक्यांची राजधानी. मराठवाड्याला ती परकी नाही. सहावा विक्रमादित्य (इ. स. १०७६ ते ११२६) याच्या काळात तेथे विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर 'मिताक्षरा' लिहिली. वारसाहक्काच्या खटल्यांत इंग्रजांच्या न्यायालयांनीही हिचाच आधार घेतला, एवढा तिचा दबदबा. सुरापान हे महापातक, हे स्मृतींनी आधीच ठरवलेले. पण कोणासाठी? येथे टीकाकार फार काटेकोर होतो. पिठापासून केलेली सुरा तिन्ही वरच्या वर्णांना वर्ज्य. गुळाची, मोहाच्या फुलांची किंवा मधाची ब्राह्मणाला वर्ज्य, क्षत्रिय-वैश्यांना नाही. आणि शूद्राला? शूद्राला मनाईच नाही.

हे वाचून एखाद्याला वाटेल, वा, शूद्र केवढा मोकळा! या मोकळेपणाचे कारण मनुस्मृतीतच दिलेले आहे. ब्राह्मणाने का पिऊ नये? कारण नशेत तो अशुद्ध जागी पडेल, नको तेथे वेदाचा उच्चार करेल, त्याच्या देहात वसलेले ब्रह्म मद्याने भिजेल. म्हणजे कायदा जपतो आहे तो देहातला वेद. ज्याच्या देहात वेद जाऊच दिला नाही, त्याच्या देहात काय गेले याची चौकशी कशाला? शूद्राला दिलेली ही सूट म्हणजे स्वातंत्र्य नव्हे, बेपर्वाई आहे. अतिशूद्र तर या चौकटीच्या बाहेरच. शिक्षेचे चित्रही पाहण्यासारखे आहे. प्रायश्चित्त न घेणाऱ्या सुरापी माणसाच्या कपाळावर दारूच्या गुत्त्याच्या निशाणाचा डाग द्यावा, असे मनू सांगतो. डाग दिलेल्या माणसाबरोबर कोणी जेवू नये, कोणी सोयरीक करू नये, त्याने सर्व धर्मांतून बाहेर पडून भटकावे. आम्हाला हे ओळखीचे वाटते. आमच्या वाट्याला हेच आले, फक्त न पिता.

याच दरबारातला दुसरा ग्रंथ पाहा. विक्रमादित्याचा मुलगा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर 'मानसोल्लास' आहे. राजाने काय खावे, कशी शिकार करावी, कोणत्या क्रीडांत मन रमवावे याचा तो कोश. त्या क्रीडांत मदिरापानाची क्रीडाही आहे. बापाच्या राज्यात महापातकांची मोजदाद झाली आणि मुलाच्या ग्रंथात मद्याची क्रीडा झाली. मध्ये पुरती दोन पिढ्यांचीही वेळ गेली नाही. प्रस्थापित पंडित याला विरोधाभास म्हणतील. मला त्यात कसलाच विरोध दिसत नाही. एक ग्रंथ कोणाला शिक्षा करावी ते सांगतो, दुसरा कोणाला करू नये ते सांगतो.

जाता जाता एवढे सांगितले पाहिजे की त्याच कल्याणीत थोड्याच वर्षांनी बसवण्णांच्या भोवती जे शरण जमले, त्यांत हेंडद मारय्या नावाचा ताडी विकणारा एक माणूस होता. त्याची वचने आजही कन्नडमध्ये आहेत. गुत्त्याचे निशाण ज्या नगरात कपाळावरचा डाग ठरले होते, त्याच नगरात गुत्तेवाला कवी म्हणून बसला. बीजभाषणात मारय्याचे नाव आले नाही.

आता मोगलांच्या नगराकडे वळतो, कारण आमचे शहर त्याच घडणीचे. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली, पुढे तिचे औरंगाबाद झाले, २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले. नावांच्या या भांडणात मला येथे पडायचे नाही. मला नगराचा कोतवाल हवा आहे.

आमच्या घरात कोतवाल हा शब्द वेगळ्या अर्थाने नांदत होता. माझा आजा कोतवाल होता. म्हणजे तलाठ्याचे दप्तर काखेत घेऊन त्याच्या मागे चालणारा, गावात दवंडी देणारा, साहेब आला की खाट टाकणारा माणूस. महारकी संपली, १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ वतने गेली, पण काम बरेचसे तेच राहिले. त्यामुळे 'आइने अकबरी'त कोतवाल म्हणजे नगराचा सर्वाधिकारी, हे वाचताना मला प्रथम हसू आले. अबुल फजलने कोतवालाची कर्तव्ये सविस्तर लिहिली आहेत. घरांची नोंद ठेवावी, रात्री गस्त घालावी, वजनेमापे तपासावीत, बाजारभावावर लक्ष ठेवावे. मद्य करणे, विकणे, विकत घेणे याला आळा घालावा. पण लोकांच्या घरात शिरून खाजगी जीवनात ढवळाढवळ करू नये. येथपर्यंत वाचले तर बीजभाषण खरे वाटते. कायदा समंजस आहे, उंबरठ्यावर थांबतो.

पण त्याच प्रकरणात पुढे असे येते, की खाटीक, शिकारी, प्रेतांना आंघोळ घालणारे आणि झाडूवाले यांना वेगळी वस्ती नेमून द्यावी आणि अशा पाषाणहृदयी माणसांत लोकांना मिसळू देऊ नये. जो कोणी जल्लादाच्या पेल्याचा सोबती होईल त्याचा हात तोडावा. जो जल्लादाच्या घरच्यांशी बोलेल त्याचे बोट तोडावे.

हे वाक्य मी तीनदा वाचले. मद्याच्या व्यापाराला नुसता आळा आणि पेल्यातल्या सोबतीला हात तोडण्याची शिक्षा! कायद्याला दारूची भीती कमी होती. त्याला खरी भीती वाटत होती ती दोन माणसे एका भांड्याला ओठ लावतील याची. इंग्रजी भाषांतरातून वाचताना शंका येते की त्या भांड्यात मद्यच होते की दुसरे काही. पण त्या शंकेने काही बिघडत नाही. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळीत जे घेतले ते पाणीच होते, आणि तरीही डोकी फुटली.

आणि हा पाषाणहृदयी जल्लाद कोणाच्या हुकमाने पाषाणहृदयी झाला? मान मारण्याचा हुकूम दरबाराचा, सही दरबाराची, तलवार दरबाराची. हुकूम देणाऱ्याच्या पेल्याला कोणी शिवू नये असे मात्र कोठे लिहिलेले नाही. उलट त्याच्याबरोबर पेला घेणे हा सन्मान. आमच्याकडे फाशी देण्याचे काम मांगांच्या गळ्यात घातले गेले आणि मग मांग क्रूर ठरवला गेला. राज्याच्या हाताला लागलेले रक्त एका जातीच्या हाताला पुसायचे आणि त्या हाताला शिवायला बंदी करायची, ही या कायद्याची खरी कारागिरी आहे. हे कोणा एका धर्माच्या राज्याचे काम नव्हते. दिल्लीचा दरबार असो की पुण्याचा, या बाबतीत त्यांची भाषा एक होती.

जर्मनीतल्या जुन्या नगरांतही जल्लाद आणि मेलेली जनावरे ओढणारे बेइज्जत समजले जात. दारूच्या पिठ्यात जल्लादाची बसण्याची जागा वेगळी, पेला वेगळा. हे वाचून मला गावातल्या हॉटेलाबाहेर उपड्या ठेवलेल्या कपबश्या आठवल्या. तेव्हा युरोपला मी स्वर्ग म्हणत नाही. पण एक फरक मात्र टिपून ठेवण्यासारखा आहे. तेराव्या शतकात इंग्लंडमध्ये पाव आणि एल नावाची बिअर यांच्या दराचा कायदा झाला. धान्याचा भाव काय, त्यावरून पेयाचा भाव काय, माप पुरे आहे की खोटे, हे पाहायला गावोगाव चव घेणारे तपासनीस नेमले. दारू गाळणाऱ्या कितीतरी बाया त्यात दंड भरताना दिसतात. त्या कायद्याचा पहिला प्रश्न माप पुरे आहे का, हा होता. आमच्या कायद्याचा पहिला प्रश्न पिणारा कोण, हा होता.

अकबराच्याच काळातली एक गोष्ट बदायुनीने लिहून ठेवली आहे. बादशहाने औषधापुरते मद्य मिळावे म्हणून महालाजवळ एक दुकान काढले. विकत घेणाऱ्याचे नाव, बापाचे नाव आणि आजाचे नाव लिहून घ्यायला कारकून बसवला. लोक खोटी नावे सांगून नेत. बदायुनी बादशहावर रागावलेला लेखक, म्हणून त्याचे मीठ काढून वाचावे लागते; पण तीन पिढ्यांचे नाव विचारणारा तो कारकून मला खरा वाटतो. १९४९ च्या दारूबंदी कायद्याच्या अक्षराप्रमाणे महाराष्ट्रात आजही पिणाऱ्याला परवाना लागतो. तो किती जण काढतात हे सर्वांना ठाऊक आहे. बड्या हॉटेलात बसणाऱ्याला परवाना कोणी विचारत नाही. विचारायला माणूस येतो तो वस्तीत.

पेशवाईकडे आलो की चित्र स्पष्ट होते. न्या. रानडे यांनी पेशव्यांच्या रोजनिशांवर १९०० साली लिहिले, त्यात मद्याचा उल्लेख कौतुकाने आला आहे. अबकारी हे उत्पन्नाचे साधन नव्हते, बंदी हेच धोरण होते, असा त्यांचा सूर. पण त्यांनीच दिलेला तपशील पाहा. वसईचा मुलूख पोर्तुगीजांकडून आल्यावर ब्राह्मण, प्रभू आणि सरकारी अंमलदार यांना मद्याची बंदी; कोळी, भंडारी वगैरेंना त्यांच्या इच्छेवर सोडलेले. नाशिकच्या काही ब्राह्मणांवर पिण्याचा संशय आला, ते हटवादी निघाले, तर त्यांना किल्ल्यांवर धाडले. खेडकडच्या एका मराठा पाटलाला ताकीद देऊनही तो सुधरेना, तर त्याचे निम्मे इनाम जप्त झाले. ज्याचे काही राखायचे आहे त्यालाच बंदी. ब्राह्मणाचे ब्राह्मण्य, अंमलदाराचा अंमल, पाटलाची पाटीलकी. ज्याच्याजवळ राखण्यासारखे काही नाही असे राज्याला वाटते, त्याने प्यावे की न प्यावे, दोन्ही सारखेच. मिताक्षरेपासून पेशवाईपर्यंत सातशे वर्षे गेली, पण हा धागा तुटला नाही.

इंग्रजांनी काय केले, ते या धाग्याच्या उजेडातच कळते. त्यांना इच्छेवर सोडलेली ही माणसे तयारच मिळाली. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने गाळण्याचा हक्क ठेकेदाराकडे गेला. मोहाची फुले वेचून घरी गाळणारा आदिवासी गुन्हेगार झाला आणि ठेक्याच्या दुकानातून विकत घेणारा गिऱ्हाईक झाला. जुन्या राज्याची बेपर्वाई नव्या राज्याचा महसूल झाली. हे पहिल्यांदा ज्यांना खटकले त्यांत जोतीराव फुले होते. पुणे नगरपालिकेचे सभासद असताना १८८० मध्ये त्यांनी शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांविरुद्ध पत्र दिले. त्यांनी पिणाऱ्याच्या जातीची नव्हे, दुकानांची चौकशी केली. आमच्या विद्वानांना हे पत्र माहीत असणार. बीजभाषणात ते का आले नाही, हे त्यांनाच ठाऊक.

आता साहित्याकडे. मराठी रंगभूमीवर मद्याचे सर्वांत गाजलेले नाटक 'एकच प्याला', १९१९ चे. सुधाकर वकील आहे, बुद्धिमान आहे, त्याच्या मानी स्वभावाला ठेच लागते आणि तळीराम त्याच्या हाती पेला देतो. सारा महाराष्ट्र त्याच्यासाठी रडला, मीही विद्यार्थ्यांना ते नाटक शिकवताना गहिवरतो. पण पिणाऱ्यांच्या मंडळाचे नाव गडकऱ्यांनी 'आर्यमदिरामंडळ' ठेवले, त्यावर हसून आपण पुढे जातो. विनोद म्हणून ते नाव ठीक आहे. पण पेल्यातली सोबत कोणाची, हे त्या नावाने सांगून टाकले आहे. सुधाकराचा पेला ही शोकांतिका झाली, कारण त्याच्याजवळ पडण्यासाठी उंची होती. दया पवारांच्या 'बलुतं'मधला (१९७८) बापही दारू पितो. तेथे आमचे समीक्षक शोकांतिका हा शब्द वापरत नाहीत. वास्तव म्हणतात, दाहक अनुभव म्हणतात, समाजशास्त्रीय दस्तऐवज म्हणतात. सुधाकर का प्यायला याची मीमांसा मानसशास्त्राने करायची आणि दगडूचा बाप का प्यायला याची जातीने, ही समीक्षा म्हणजे मिताक्षराच आहे, नव्या भाषेत.

मात्र बोट फक्त तिकडे दाखवून चालणार नाही. आपल्याकडच्या सभांतून दारूवर जी भाषणे होतात, ती मी ऐकतो, कधी करतोही. "दारूने आपला समाज बुडाला," "या बेवड्यांमुळे बाबासाहेबांचे नाव खराब होते," अशी वाक्ये त्यांत असतात. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत झिंगलेला पोरगा दिसला की मलाही त्याची कॉलर धरावीशी वाटते. त्या क्षणी माझ्या आवाजात कोण बोलते? नाव राखण्यासाठी बंदी, ही तर पाटीलकीची भाषा झाली. शिकलेल्यांनी न शिकलेल्यांसाठी वेगळी वस्ती नेमून द्यायची आणि त्यांत मिसळायचे नाही, याला अबुल फजलही हरकत घेणार नाही.

बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, पंचशीलात पाचवे शील आहे. ते मी मानतो आणि पाळतो. पण हे शील आले कोठून, ती कथा आपण फार सांगत नाही. विनयपिटकात आहे. सागत नावाचा भिक्खू, एका नागाला काबूत आणल्यामुळे त्याचे नाव झालेले. कोसंबीच्या उपासकांनी कौतुकापोटी घरोघरी त्याच्यासाठी मद्य तयार ठेवले. प्रत्येक घरी घोट घेत तो निघाला आणि नगराच्या वेशीत कोसळला. बुद्ध भिक्खूंसह त्याच वाटेने येत होते. त्यांनी सागताला उचलायला सांगितले. विहारात आणून त्याचे डोके बुद्धांकडे करून निजवले, तर तो लोळत फिरला आणि पाय बुद्धांकडे झाले. बुद्धांनी भिक्खूंना विचारले, हा पूर्वी आदराने वागत होता ना? आता वागतो आहे का? नागाला हरवणारा हा आता साध्या पाणसापाशी तरी झुंजू शकेल का? मग नियम घातला. नियम मोडल्याची भरपाई म्हणजे संघापुढे कबुली. आणि ज्याच्यामुळे नियम आला त्या पहिल्या माणसाला दोष नाही.

सागत वेशीत पडला, हे मला फार महत्त्वाचे वाटते. नगराची वेस म्हणजे आपली जागा. वेसकर तेथेच उभा असायचा, रात्री दार लावायचा आणि दाराच्या बाहेर राहायचा. कोतवालाच्या कायद्यात वेशीत पडलेल्या माणसाचे काय झाले असते ते वर आलेच आहे. येथे त्याला उचलले गेले. त्याची जात, त्याच्या आजाचे नाव कोणी विचारले नाही. विचारले ते एवढेच, की याची शक्ती कोठे गेली. माझ्या बापाबद्दल हा प्रश्न कोणी विचारला असता तर त्याचे उत्तर होते. दोन पोती एका वेळी उचलणारा माणूस होता तो. हमालीचा हिशोब चुकला की मुकादमाला तोंडी आकडा सांगायचा आणि तो बरोबर निघायचा. जालना रस्त्यावर कोणीतरी त्याला अनेकदा उचलून घरी आणून सोडत असे. माय त्या माणसांना पाणी देई, त्यांची नावे आम्हाला कधी कळली नाहीत.

यंदा तिसऱ्या वर्षाच्या वर्गात 'एकच प्याला' शिकवताना कोतवालाच्या कर्तव्यांचा तो उतारा मी मराठीत करून फळ्यावर लिहिला. मुले शांत होती. एकाने विचारले, "सर, जल्लादाला जात होती का?" त्यावर बराच वेळ चर्चा झाली. तास संपता संपता मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. रोज करमाडहून एसटीने येते, फारशी बोलत नाही. म्हणाली, "सर, त्याच्या घरच्यांशी बोललं की बोट तोडायचं, असं लिहिलंय. मग त्याची बायको बाजारात मीठ कसं मागत असंल?"

घंटा झाली. पुढच्या तासाला मी तोच प्रश्न फळ्यावर लिहिला, आणि प्रत्येकाने त्यावर दोन पाने लिहून आणावीत असे सांगितले.